बसायचं शहर

मराठीत ‘बसणं’ हे क्रियापद पुरुषांच्या मालकीचं आहे. ‘शनिवारी बसू या’ असं एकाने म्हटलं की कुठे, कशासाठी, कितीपर्यंत हे दुसऱ्याला विचारावं लागत नाही. आम्ही बायका बसतो ती पंगतीला, नाहीतर डोहाळजेवणाला. त्यामुळे वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी डब्लिनमध्ये भाचीसमोर मी ‘त्या’ अर्थाने बसले, तेव्हा आधी दरवाजाकडे एकदा बघून घेतलं. कुडाळचं कोणी नव्हतं.

भाची सहा वर्षं तिथे नोकरीला आहे. मी वहीत यादी करून गेले होते: तीन दिवस, अकरा ठिकाणं. महाबळेश्वरला आपण ‘पॉइंट’ करतो ना, त्याच हिशोबाने. तिने ती वही घेतली, सहा ओळींवर काट मारली आणि म्हणाली, “मावशी, दिवसाला दोन पॉइंट आणि एक पाइंट. इथे बघायला फार नाही, बसायला आहे.”

तिचं निम्मं खरं होतं. लिफी नदीच्या दोन्ही काठांवर वसलेलं हे राजधानीचं शहर डोळे दिपवत नाही. मुख्य ओकॉनेल रस्त्याच्या मधोमध १२० मीटर उंचीचा पोलादी सुळका आहे, ‘स्पायर’. त्या जागी पूर्वी इंग्रजी आरमाराच्या नेल्सनचा स्तंभ होता. तो १९६६च्या मार्चमध्ये स्फोटाने उडवला गेला आणि पुढची कित्येक वर्षं तिथे काय उभारावं यावर गाव भांडत राहिलं. त्या भांडणातून हा सुळका निघाला. फोटोत तो अर्धाच येतो. शहराचं नावही अंधाऱ्या डोहावरून पडलंय. ‘दुव लिन’ म्हणजे काळा डोह. व्हायकिंग इथे ८४१ साली ठाण मांडून बसले ते त्याच्या आसपास. डोह केव्हाच बुजला. त्या जागी आता किल्ल्यामागची गोल हिरवळ आहे. बसच्या पाटीवर मात्र आयरिश भाषेतलं दुसरंच नाव असतं, ‘बाल्या आहा क्लिया’, कुडाच्या उताराचं गाव. एका गावाला दोन भाषांत दोन वेगळ्या अर्थांची नावं, आणि कोणाची तक्रार नाही.

आता पब. पहिल्या संध्याकाळी मी हट्टाने टेंपल बार भागात गेले, कारण फोटो तिथलेच पाहिले होते. लाल दरवाजे, फुलांच्या कुंड्या, आत कानठळ्या. दोन पेयांचे जे पैसे गेले त्यात दोघींचं रात्रीचं जेवण झालं असतं. बाजूच्या सगळ्या टेबलांवर माझ्यासारखेच पाहुणे. डब्लिनचा माणूस तिथे सहसा दिसत नाही, तो नदीच्या आसपासच्या गल्ल्यांत असतो: पूलबेग रस्त्यावरचं मलिगन्स, साउथ ॲन रस्त्यावरचं किहोज, ‘लाँग हॉल’, ‘स्टॅग्ज हेड’. जुने पब निम्मे दारूचे आणि निम्मे किराण्याचे असत. काही ठिकाणी चहा आणि तांदूळ ठेवायचे लाकडी खण अजून भिंतीला आहेत.

आणि ‘स्नग’. पबाच्या कोपऱ्यात दार असलेली, चारपाच माणसं मावतील एवढी खोली. गल्ल्याच्या बाजूला छोटी खिडकी, तिच्यातून ग्लास आत यायचा. बायका, पाद्री, गणवेशातले पोलीस, म्हणजे पिताना दिसू नये अशी मंडळी, तिथे बसत. आपल्या इराण्याकडची ‘फॅमिली रूम’ आठवते? तीच. बायकांना दारापलीकडे यायला वेळ लागला. कितीतरी पबांत १९७०च्या दशकातही बाईला अख्खा पाइंट मिळत नसे, अर्धाच. त्या अर्ध्याला तिथे नुसतं ‘ग्लास’ म्हणतात. असा भेदभाव करायला कायद्याने बंदी आली ती २००० साली. बॅगट रस्त्यावरच्या टोनर्सच्या स्नगबद्दल एक गोष्ट सांगतात. कवी येट्स आयुष्यात कधी पबात गेला नव्हता. मित्राने इथे आणलं. त्याने एक शेरी घेतली, म्हणाला, पब बघून झाला, आता घरी सोड. येट्सने पॉइंट केला. बसला नाही.

गिनेस ही इथली काळी बिअर कशी ओततात ते जवळून पाहावं. पेला तिरका धरतात, पाऊण भरतात आणि तसाच बाजूला ठेवून देतात. आत सगळं तपकिरी ढवळलेलं, जणू पहिल्या पावसातली ओढ्याची धार. काचेलगत पाहिलं तर बुडबुडे वर जायच्या ऐवजी खाली जाताना दिसतात. मधले वर चढतात आणि कडेचा द्रव खाली वळताना इवल्या बुडबुड्यांना सोबत ओढून नेतो. हे बुडबुडे मुख्यतः नायट्रोजनचे, ही युक्ती १९५९ची. हळूहळू तळापासून काळं चढत जातं, वर सायीचा पट्टा जमतो, मग उरलेला पाव भाग भरतात. कंपनीच्या जाहिरातीत याला ११९.५ सेकंद लागतात. मी मध्येच हात पुढे केला तर काउंटरमागच्या माणसाने काही न बोलता पेला चार बोटं मागे सरकवला. दम धरा बाई, असं त्या चार बोटांत होतं. शाकाहारी मंडळींसाठी सांगते: पूर्वी ती गाळताना माशाच्या पोटातल्या पिशवीपासून केलेला पदार्थ वापरत, गेल्या दशकात ते थांबवलं. ज्यांना घ्यायचीच नाही त्यांनी चहा मागावा. कोणी भुवया उंचावत नाही, चहा पिण्यात ही जात आपल्याला भारी आहे.

वेटर सहसा टेबलाशी येत नाही, उठून काउंटरला जावं लागतं. आपल्यासारखी कॉन्ट्री काढत नाहीत. एकाने सगळ्यांचं आणायचं, मग दुसऱ्याने, याला ‘राउंड’ म्हणतात. चार जण असाल तर चार फेऱ्या आल्या, आणि आपली पाळी टाळणाऱ्याची आठवण गाव वर्षानुवर्षं काढतं. चकणा नाही, फार तर टेटोचं चीज-कांद्याचं बटाटा-वेफरचं पाकीट. वेफरला अशी चव लावण्याचा मान १९५०च्या दशकातल्या याच डब्लिनकर कंपनीला देतात. धूर नाही. पबात सिगारेटबंदी आणणारा हा पहिला देश, २००४. आणि गुड फ्रायडेला पब बंद ठेवायचा नियम २०१८पर्यंत होता.

गिनेसच्या कारखान्याशी जोडलेलं सात मजली ‘स्टोअरहाउस’ माझ्या यादीत होतं, भाचीने काट मारली आणि ती बरोबर होती. तिथली एक गोष्ट मात्र घरबसल्या ऐकण्यासारखी: आर्थर गिनेसने १७५९ मध्ये ही जागा वर्षाला ४५ पौंडांनी ९,००० वर्षांच्या भाडेपट्ट्याने घेतली. पागडीची घरं पाहिलेल्या मुंबईकराला या माणसाबद्दल आदर वाटतो.

त्याच भागात, टॉमस रस्त्यावर, सेंट कॅथरिन चर्चपुढे रॉबर्ट एमेट या बंडखोराला फाशी दिली, २० सप्टेंबर १८०३. आता इथून ट्राम पकडून फीनिक्स पार्कला जा. सातशे हेक्टरांचं हे उद्यान, त्यात हरणं मोकळी चरतात आणि दाराशी ६२ मीटरचा दगडी स्तंभ आहे, ड्यूक ऑफ वेलिंग्टनचा, म्हणजेच वेलस्लीचा. तो जन्माने डब्लिनचा. वॉटर्लूला पकडलेल्या तोफा वितळवून केलेली शिल्पं स्तंभाच्या पायथ्याशी आहेत, त्यातलं एक हिंदुस्थानातल्या लढायांचं. एमेट फासावर गेला त्यानंतर तिसऱ्या दिवशी, २३ सप्टेंबरला, हा गावकरी आपल्या भोकरदनजवळ असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढत होता. वॉटर्लूनंतरही तो असईलाच आपली सर्वांत चांगली लढाई मानी. मी त्या पायऱ्यांवर बराच वेळ बसले. शाळेच्या पुस्तकातला ‘वेलस्ली’ आणि ही हरणं यांची सांगड लागेना.

किलमेनमचा तुरुंग आधी तिकीट काढल्याशिवाय बघता येत नाही आणि तो चुकवू नये. १९१६च्या एप्रिलमध्ये, ईस्टरच्या सोमवारी, पोस्टाच्या मुख्य कचेरीसमोर प्रजासत्ताकाचा जाहीरनामा वाचला गेला. खांबांवर गोळ्यांचे व्रण आजही बोटाने चाचपता येतात. इंग्रजी सत्तेविरुद्धचा हा उठाव आठवड्याभरात मोडला आणि मे महिन्यात चौदा जणांना या तुरुंगाच्या दगडफोडीच्या अंगणात गोळ्या घातल्या. त्यांतल्या जोसेफ प्लंकेटचं ग्रेस गिफर्डशी लग्न आदल्या रात्री तुरुंगाच्या चॅपलमध्ये लागलं. पुढे १९२३ साली ग्रेस स्वतः तिथेच कैदेत आली. अंगणात दोन क्रूस आहेत. एका टोकाला तेराजणांचा, आणि दुसऱ्या टोकाला, फाटकाजवळ, एकट्या जेम्स कॉनलीचा. तो जखमी होता, उभा राहू शकत नव्हता. रुग्णवाहिकेतून आणला, खुर्चीला बांधून बसवला आणि मारला. गाइड हे सांगते तेव्हा कोणी फोटो काढत नाही.

त्याच एप्रिलमध्ये टिळकांनी बेळगावला होमरूल लीग काढली. शब्द आयर्लंडचाच होता. वराहगिरी गिरी, आपले पुढचे राष्ट्रपती, तेव्हा डब्लिनला कायदा शिकत होते, आणि त्यांना १९१६ मध्येच आयर्लंड सोडावं लागलं.

ट्रिनिटी कॉलेजमधल्या ‘बुक ऑफ केल्स’साठी रांग मोठी असते, चर्मपत्रावरची ही हस्तलिखित शुभवर्तमानं साधारण इ.स. ८००ची, सुंदर आहेत, पण गर्दीत काचेवर नाक ठेवून मिनिटभर. त्यापेक्षा सेंट पॅट्रिक्स कॅथेड्रलच्या मागे, १७०७ची मार्श लायब्ररी. ओकच्या कपाटांच्या शेवटी जाळीचे तीन पिंजरे आहेत. दुर्मीळ पुस्तक मागणाऱ्या वाचकाला त्यात कोंडून बाहेरून कडी लावत असं सांगतात. पुस्तकं परत न करणाऱ्या माझ्या मैत्रिणींची यादी मी मनातल्या मनात केली. किल्ल्याच्या आवारातल्या चेस्टर बीटी संग्रहालयात मुघल लघुचित्रं आहेत, प्रवेश फुकट. किल्डेअर रस्त्यावरच्या राष्ट्रीय संग्रहालयातही पैसे पडत नाहीत. तिथे दलदलीत सापडलेला, सुमारे २३०० वर्षांपूर्वी मारला गेलेला माणूस काचेत आहे. कातडं कमावल्यासारखं, नाक चपटं, आणि केस डोक्यावर उंच बांधलेले. केसांना लावलेली राळ फ्रान्स-स्पेनकडची. मारायला नेताना त्याने केस विंचरले होते की कोणी विंचरून दिले, हा प्रश्न मला हॉटेलपर्यंत पुरला.

नाटक पाहायचं तर ॲबी थिएटर, १९०४चं. टागोरांचं ‘डाकघर’ इथे १९१३ मध्ये येट्सच्या पुढाकाराने इंग्रजीत झालं. टागोरांचा अर्धपुतळा सेंट स्टीफन्स ग्रीन बागेत आहे, शोधावा लागतो. कादंबरीकार जॉइसच्या भक्तांनी १६ जून गाठावा. ‘युलिसिस’ ज्या एका दिवसात घडते तो दिवस गाव जुन्या टोप्या घालून साजरा करतं. कादंबरी मी तीनदा सुरू केली आहे.

गाणं ऐकायला स्मिथफील्डचं ‘कॉबलस्टोन’. इथे मंच नाही. खिडकीजवळच्या टेबलाभोवती सातआठ जण व्हायोलिन, बासरी, काखेतल्या भात्याने वाजणारे पाइप घेऊन एकमेकांकडे तोंड करून बसतात, आपल्याकडे निम्म्यांची पाठ. भजनी मंडळ बसतं तसं. कोणीतरी सुरू करतो, बाकीचे अंदाज घेत मिसळतात, तीन चाली न थांबता जोडतात, संपलं की कोणी टाळ्यांची वाट बघत नाही, पेल्याकडे वळतात. २०२१ मध्ये या जागेभोवती हॉटेल उठवायचा घाट होता. लोक रस्त्यावर उतरले आणि महापालिकेने परवानगी नाकारली.

शेवटच्या दुपारी ग्लास्नेव्हिन स्मशानभूमीला लागून असलेल्या, १८३३च्या ‘ग्रेव्हडिगर्स’ पबात गेलो. टीव्ही नाही, संगीत नाही, नुसतं बोलणं. शेजारच्या आजोबांनी गाव विचारलं. म्हटलं, तुमचे माजी पंतप्रधान लिओ वराडकर, त्यांच्या वडिलांचं वराड मालवण तालुक्यात, माझं माहेर तिथून जवळ. आजोबांनी नाव दोनदा म्हणून पाहिलं आणि मला गंभीरपणे सांगितलं की माझा उच्चार चुकतोय.

थोडं व्यवहाराचं. आयर्लंड शेंगेनमध्ये नाही, युरोपचा व्हिसा चालत नाही. बस, ट्राम, लोकलला एकच ‘लीप’ कार्ड. ‘डार्ट’ लोकलने अर्ध्या तासात हाउथच्या बंदरावर पोहोचता येतं. जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो. १७ मार्चच्या सेंट पॅट्रिक उत्सवात जाऊ नये, गर्दीच बघायची तर लालबाग आहे. पाऊस कुठल्याही महिन्यात, छत्रीपेक्षा टोपीचं जाकीट बरं.

विमानाला चार तास होते. भाचीने ग्रँड कॅनॉलवर नेलं. कालव्याकाठी बाकावर पॅट्रिक कॅव्हना हा कवी ब्राँझमध्ये हाताची घडी घालून बसलाय, टोपी शेजारी. शेतकऱ्याचा मुलगा, फुप्फुसाच्या शस्त्रक्रियेनंतर याच काठी बसून सावरला, आणि आपलं स्मारक करायचंच तर कालव्याकाठी एक बाक ठेवा असं कवितेत मागून गेला. त्याच्या बाजूला एका माणसाची जागा मोकळी ठेवली आहे. मी बसले. ब्राँझ ओलं होतं. भाची बाकाच्या दुसऱ्या कडेला टेकली, पिशवीतून टेटोचं पाकीट काढलं आणि तिघांच्या मध्ये फोडून ठेवलं.