शस्त्रकंपन्या आणि संरक्षणाचा पैसा : गैरसमज आणि वस्तुस्थिती

२०२४ मध्ये जगभरात लष्करावर सुमारे २.७ लाख कोटी डॉलर खर्च झाले. त्यातले जवळपास १ लाख कोटी एकट्या अमेरिकेचे. हा पैसा कुठे जातो आणि त्यात बड्या शस्त्रकंपन्यांचा हात किती, याबद्दल ठाम मतं पुष्कळ ऐकू येतात. त्यातली काही तपासून पाहायला हवीत, कारण दुखणं ओळखण्यात चूक झाली तर उपायही चुकतो.

गैरसमज : संरक्षणाचा सगळा पैसा शस्त्रकंपन्यांच्या घशात जातो.
वस्तुस्थिती : सगळा नाही, पण निम्म्याहून अधिक खासगी कंपन्यांकडे जातो. २०२० ते २०२४ या पाच वर्षांत पेंटागॉनच्या, म्हणजे अमेरिकी संरक्षण खात्याच्या, सुमारे ४.४ लाख कोटी डॉलरपैकी २.४ लाख कोटींची कंत्राटं दिली गेली. ती सगळी शस्त्रांची नव्हती. इंधन, बांधकाम, आरोग्यसेवा, संगणक यंत्रणा यांचाही त्यात समावेश होता. तरीही लॉकहीड मार्टिन, आरटीएक्स, जनरल डायनॅमिक्स, बोइंग आणि नॉर्थ्रॉप ग्रुमन या पाच कंपन्यांना मिळून सुमारे ७७,१०० कोटी डॉलर मिळाले. म्हणजे कंत्राटांच्या रकमेचा जवळपास तिसरा हिस्सा.

गैरसमज : या कंपन्या बाजारातल्या स्पर्धेत जिंकून एवढ्या मोठ्या झाल्या.
वस्तुस्थिती : त्यांच्या वाढीला सरकारनेच वाट करून दिली. शीतयुद्ध संपल्यावर १९९३ मध्ये संरक्षण उपमंत्री विल्यम पेरी यांनी कंपन्यांच्या प्रमुखांना पेंटागॉनमध्ये जेवायला बोलावलं आणि खर्च कमी होणार असल्यामुळे एवढ्या कंपन्या टिकणार नाहीत, असं स्पष्ट सांगितलं. त्यानंतर विलीनीकरणांची रांग लागली. १९९४ मध्ये नॉर्थ्रॉपने ग्रुमन घेतली, १९९५ मध्ये लॉकहीड आणि मार्टिन मॅरिएटा एक झाल्या, १९९७ मध्ये मॅक्डोनेल डग्लस बोइंगमध्ये मिसळली. पेंटागॉनच्याच २०२२ च्या अहवालानुसार ५१ मुख्य कंत्राटदारांचे ५ उरले. पैसा वाचावा म्हणून उचललेल्या या पावलामुळे सरकारसमोरचे पर्याय संपत गेले. पुढच्या बहुतेक प्रश्नांचं मूळ इथेच आहे.

गैरसमज : खरा खर्च विमान विकत घेतानाच होतो.
वस्तुस्थिती : खरेदीनंतरचा खर्च कितीतरी मोठा असतो. एफ-३५ या लढाऊ विमानाच्या अमेरिकी ताफ्याचा आयुष्यभराचा खर्च २ लाख कोटी डॉलरच्या पुढे जाईल, असा अंदाज आहे. त्यातले सुमारे १.५८ लाख कोटी केवळ विमानं चालवण्याचे आणि दुरुस्त ठेवण्याचे आहेत. दुरुस्तीसाठी लागणारी बरीच तांत्रिक माहिती कंपन्यांच्याच ताब्यात असल्याने हवाई दलाला वर्षानुवर्षं त्यांच्याच दारी जावं लागतं.

गैरसमज : खर्च कितीही वाढला तरी भुर्दंड नेहमी सरकारलाच.
वस्तुस्थिती : ते कराराच्या प्रकारावर अवलंबून असतं. हवेत इंधन भरणाऱ्या केसी-४६ विमानासाठी बोइंगने २०११ मध्ये ठरावीक किमतीचा करार केला आणि स्वतः ७०० कोटी डॉलरहून अधिक तोटा सोसला. उलट ‘सेंटिनल’ या अण्वस्त्रवाहू क्षेपणास्त्राच्या स्पर्धेतून बोइंग २०१९ मध्ये बाहेर पडली, नॉर्थ्रॉप ग्रुमन एकटीच उरली आणि २०२० मध्ये तिला काम मिळालं. २०२४ पर्यंत प्रकल्पाचा अंदाजित खर्च ८१ टक्क्यांनी वाढून सुमारे १४,१०० कोटी डॉलर झाला आणि तो बोजा सरकारवर आला. क्षेपणास्त्रांच्या भूमिगत तळांचं बांधकाम हे त्याचं मोठं कारण होतं. तरी दुसरा बोलीदार नसल्याने सरकारच्या हाती घासाघीस करायला फारसं काही उरलं नव्हतं, हेही खरं.

गैरसमज : जास्तीची किंमत फक्त बड्या कंपन्याच लावतात.
वस्तुस्थिती : छोटा सुटा भाग बनवणारी कंपनीही ते करू शकते, अट एवढीच की तो भाग दुसरीकडे मिळता कामा नये. २०१९ मध्ये पेंटागॉनच्या महानिरीक्षकांनी ट्रान्सडाइम कंपनीचे ४७ भाग तपासले. त्यातल्या ४६ भागांवर अवाजवी नफा आढळला. कंपनीने पुढे १.६ कोटी डॉलर परत केले.

गैरसमज : कंपन्यांचा प्रभाव म्हणजे छुपी लाचखोरी.
वस्तुस्थिती : बहुतांश प्रभाव कायद्याच्या चौकटीत आणि उघडपणे चालतो. २०१९ मध्ये १४ बड्या कंत्राटदारांकडे पेंटागॉनचे सुमारे १,७०० माजी अधिकारी नोकरीला होते. २०२१ मध्ये संरक्षणमंत्री झालेले लॉइड ऑस्टिन त्याआधी रेथिऑनच्या (आताची आरटीएक्स) संचालक मंडळावर होते. शिवाय एफ-३५ चे भाग अनेक राज्यांत बनतात. त्यामुळे खर्चाला कात्री लावायची म्हटली की आपल्या मतदारसंघातल्या नोकऱ्या वाचवायला खासदार उभे राहतात.

एकाच पुरवठादारावर अवलंबून राहण्याचा हा प्रश्न आपल्यापासूनही दूर नाही. तेजस मार्क-१ए विमानाच्या ९९ इंजिनांसाठी हिंदुस्तान एरोनॉटिक्सने २०२१ मध्ये अमेरिकेच्या जीई कंपनीशी करार केला. पहिलं इंजिन मिळालं ते मार्च २०२५ मध्ये, सुमारे दोन वर्षं उशिरा. नाशिकला तेजसची जोडणी सुरू झाली आहे, पण इंजिन वेळेवर आलं नाही तर कारखाना असूनही विमान हवाई दलाकडे पोहोचत नाही.

म्हणून संरक्षण बजेटची बातमी वाचताना केवळ आकड्यावर थांबू नका. ती वस्तू बनवणारे किती जण आहेत, करार कोणत्या पद्धतीचा आहे आणि दुरुस्तीचे हक्क कोणाकडे आहेत, हेही विचारा. करदात्याच्या पैशाचं मोल याच तीन उत्तरांवर ठरतं.