नवे घर आणि जुनी घरटी

घर बांधावयास काढण्यापूर्वी आपण जागेची मोजणी करवितो, नकाशा मंजूर करून घेतो, भूमिपूजनाचा मुहूर्तही पाहतो. परंतु त्या जागेवर आपल्याआधी कोण नांदत आहे, याची चौकशी सहसा कोणी करीत नाही.

गेल्या वैशाखात इंदूरला आमच्या आळीतील एक जुना वाडा पाडला जात होता. दिंडीवरच्या कमानीवर पहार बसली आणि विटांबरोबर पाकोळ्यांची पाच-सहा घरटी खाली आली. पिलांना पिसे फुटू लागली होती. आणखी काही आठवड्यांत ती उडून गेली असती. वाड्याचे मालक भले गृहस्थ. त्यांना फार वाईट वाटले. "कोणी आधी सांगितले असते, तर कमान शेवटी पाडली असती," असे ते म्हणाले. आज बोलावयाचे आहे ते या 'आधी'विषयीच.

पाकोळी पिसे व काड्या लाळेने चिकटवून छताखाली घरटे करते. तिचे पाय भिंतीला बिलगण्यासाठी घडलेले असल्यामुळे तिला फांदीवर बसता येत नाही. वाडा गेल्यावर शेजारचे झाड तिच्या उपयोगी पडत नाही, ते यामुळेच. मोकळ्या प्लॉटवरही हीच दक्षता हवी. टिटवी घरटे बांधीतच नाही. उघड्या जमिनीवर, खड्यांच्या रंगाची अंडी घालते. खडीची गाडी रिकामी करणाऱ्याला ती दिसत नाहीत. टिटवी डोक्यावर ओरडत घिरट्या घालू लागली, की अंडी वा पिले जवळच आहेत असे समजावे.

सर्वांत करुण गोष्ट राखी धनेशाची. उन्हाळ्याच्या आरंभी मादी जुन्या झाडाच्या ढोलीत शिरते आणि आतून तोंड लिंपून घेते. चोच बाहेर येईल एवढी फट मात्र ठेवते. कित्येक आठवडे नर तिला आणि पुढे पिलांनाही त्या फटीतून चारा भरवितो. आत असताना तिची उडण्याची पिसे गळून नवी येतात. अशा वेळी झाड तोडले, तर तिला पळून जाणेही शक्य नसते.

कायदाही याविषयी मूक नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीच्या व्याख्येतच वन्य पक्ष्यांच्या अंड्यांची नासधूस आणि घरट्यांना दिलेला उपद्रव यांचा समावेश आहे. म्हणजे बंदूक हाती न धरताही शिकार घडते.

मग करावे काय? पहार लागण्यापूर्वी दोन-तीन दिवस सकाळ-संध्याकाळ जागेवर उभे राहून पाहावे. चोचीत चारा घेऊन पक्षी ज्या वळचणीत, भोकात वा ढोलीत शिरतो, तेथे पिले आहेत. ती जागा खडूने खुणावून मुकादमाला दाखवावी आणि काम दुसऱ्या टोकापासून सुरू करावे. चिमणीला अंड्यांपासून पिले उडेपर्यंत सुमारे चार आठवडे लागतात. पाकोळीला दोन महिन्यांच्या आसपास. घरटे उचलून दुसरीकडे ठेवू नये. आईबाप बहुधा तेथे येत नाहीत. परांचीला जाळी लावताना त्यांची ये-जा अडणार नाही, हे पाहावे. शक्य असल्यास पाडकाम व झाडांची छाटणी पावसाळा संपल्यानंतर, हिवाळ्यात उरकावी. चिमणी आणि गव्हाणी घुबड यांना मोसमाचे बंधन फारसे नसते. म्हणून तेव्हाही पाहणी चुकवू नये. रिकामी भोके विणीपूर्वीच बुजविली, तर पुढचा पेच टळतो.

आणि नव्या घरात थोडी जागा ठेवावी. जुन्या घरांत कौलांच्या फटी आणि कोनाडे होते. काँक्रीटच्या गुळगुळीत भिंतींत ते नाहीत. सज्जाखाली, सावलीच्या बाजूस, सव्वा इंच व्यासाचे छिद्र असलेली लाकडी पेटी बसविली, तरी चिमणीचे भागते. खर्च अगदी किरकोळ.

त्या वाड्याच्या जागी आता नवी इमारत उठत आहे. मालकांनी यंदा गवंड्याला सांगून सज्जाच्या पोटात दोन कोनाडे ठेवविले आहेत. शेजारच्या कडुलिंबावर साळुंकीची पिले आहेत, म्हणून त्याची आडवी येणारी फांदीही त्यांनी अद्याप छाटू दिलेली नाही.