बीज आणि बारव



आमच्या वालूरची जुनी बारव आपणांपैकीं कित्येकांनीं पाहिली असेल. एके काळीं सारें गांव अशा बारवांचेंच पाणी पीत असे. पाणी बिघडलें कीं एका घरांतील चार माणसें एकदम आजारी पडत, आणि शेजारी म्हणत, ‘त्या घराण्याला तें लागलेंच आहे.’ दोष बीजाचा कीं बारवेचा, हा विचार कोणी करीत नसे.

मागें माझा एक जुना विद्यार्थी सेलूहून मुद्दाम भेटीस आला. त्याचे आजोबा व वडील दोघेही जठराच्या कर्करोगानें वारले. मुलीचें लग्न ठरत होतें. ‘गुरुजी, हें व्याह्यांपासून झांकून ठेवावें काय? आणि माझ्याही नशिबीं तेंच आहे काय?’ असें त्यानें विचारलें. त्यास जें सांगितलें, तेंच आज आपणांस सांगतों.

जठराचा कर्करोग बहुतेकांस वारशानें येत नाहीं. शंभर रुग्णांपैकीं सुमारें दहांच्या घराण्यांत तो पूर्वीं झालेला आढळतो. आणि वारशानें आलेला निश्चित दोष त्यांतील फक्त एक ते तिघांतच असतो.

हा दोष उजेडांत आला तो १९९८ सालीं. न्यूझीलंडमधील एका मावरी कुटुंबांत तीस वर्षांत पंचवीसांहून अधिक माणसें या रोगानें दगावलीं होतीं. त्या कुटुंबानें दुःख लपविलें नाहीं. आपण होऊन संशोधकांस गांठलें. तेव्हां सीडीएच-१ नांवाच्या जनुकांत बिघाड सांपडला. भिंतींतील चुना दगडांस धरून ठेवतो, तसें या जनुकापासून होणारें प्रथिन पेशींस एकमेकींशीं धरून ठेवतें. आईबापांपैकीं एकाकडे हा दोष असेल, तर प्रत्येक अपत्यास, मग तो मुलगा असो वा मुलगी, तो मिळण्याचा संभव निम्मा. असा कर्करोग जठराच्या अस्तराखालीं पसरतो व दुर्बिणीच्या तपासणींतही निसटतो. म्हणून दोष असलेल्यांस कधीं कधीं जठर आधींच काढून टाकण्याचा सल्ला देतात. अशा स्त्रियांस स्तनाच्या एका प्रकारच्या कर्करोगाचाही धोका असतो.

आतां बारवेकडे वळूं. १९८२ सालीं ऑस्ट्रेलियांतील पर्थ येथें वॉरन व मार्शल यांनीं जठरांतील हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतु वाढवून दाखविला. २००५ सालीं त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें. हा जंतु बहुधा बालपणींच घरच्या माणसांकडून पोटांत शिरतो, आणि वर्षानुवर्षें राहिल्यास कर्करोगाची वाट मोकळी करतो. फार खारट अन्न व तंबाखू त्यास हातभार लावतात. आईबाप वा भावंडास हा रोग झाला असतां आपला धोका दोन-तीन पटींनीं वाढतो, त्यांत कांहीं वांटा बीजाचा आणि कांहीं या बारवेचा. बीज बदलतां येत नाहीं; जंतु मात्र दोन आठवड्यांच्या औषधानें बहुधा नाहींसा होतो.

म्हणून एक कागद घ्या. तीन पिढ्यांतील माणसें, त्यांचे रोग आणि रोग झाला तेव्हांचें वय लिहा. आपल्याकडे ‘आजी पोटदुखीनें गेली’ एवढीच आठवण उरते; तीही लिहा. घराण्यांत दोघांस हा रोग झाला असेल, किंवा एकासच पण पन्नाशीच्या आंत, तर तो कागद डॉक्टरांस दाखवा. १९४१ सालीं मुंबईस परळ येथें सुरू झालेल्या टाटा स्मारक रुग्णालयांत अशा कुटुंबांस सल्ला मिळतो. रक्ताची तपासणी शक्यतों आधीं रोग्याची करतात, मग निरोग्यांची.

विद्यार्थ्यास मीं म्हटलें, ‘झांकल्यानें बीज बदलत नाहीं, वैद्याचे डोळे मात्र बांधले जातात.’ त्यानें कागद लिहिला, डॉक्टरांस दाखविला आणि व्याह्यांसही. त्याच्या पोटांत जंतु निघाला, औषध घेतलें. पुढील तपासण्या चालू आहेत. लग्न ठरल्या तिथीस झालें.

बारवेंतील गाळ उपसावयाचा, तर आधीं खालीं उतरून तो पाहावा लागतो. घराण्याचेंही तसेंच आहे.