हाक मारायची की उतरवून घ्यायचे?

समजा, इंदापूरच्या एका शिक्षकाला रोज एक छोटासा तक्ता लागतो आणि तो बारामतीच्या ग्रंथालयात आहे. दर वेळी एसटीने जायचे, पाहायचे, परत यायचे. की एकदाच वहीत उतरवून घ्यायचा?

संगणकाच्या प्रोग्रामपुढे हाच प्रश्न असतो. उसाच्या शेतातला ओलावा मोजणाऱ्या संवेदकाकडून आकडा येतो. त्याचे टक्क्यांत रूपांतर करणारे छोटे फंक्शन आपण सी भाषेत लिहिले. त्याला हाक मारली की प्रोसेसर परतीचा पत्ता नोंदवतो, तिकडे उडी मारतो, काम उरकून परततो. काम दोन ओळींचे असेल तर त्यापेक्षा जाण्यायेण्याचाच वेळ जास्त! म्हणून कंपायलर कधी कधी फंक्शनचा मजकूर हाकेच्या जागीच उतरवतो. हेच 'इनलायनिंग'. त्यात नुसता फेरा वाचतो असे नाही. मजकूर समोर आला की कंपायलरला आणखी काटछाटी सुचतात.

पण मोठे फंक्शन पन्नास ठिकाणी उतरवले तर प्रोग्राम फुगतो. बारामतीच्या कृषी विकास ट्रस्टने ऊसशेतीत असे संवेदक वापरून दाखवले आहेत. शाळेत आर्डुइनो उनोवर तसा प्रयोग करायचा तर प्रोग्रामला जागा अवघी ३२ किलोबाइट! म्हणून आर्डुइनोचे सॉफ्टवेअर कंपायलरला 'ओ-एस', म्हणजे आकार लहान ठेव, अशी सूचना देते.

रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८७ साली आणलेल्या जीसीसी या मुक्त कंपायलरला (मुंबईच्या आयआयटीत प्रा. उदय खेडकर यांनी त्याच्या अंतरंगावर कार्यशाळा घेतल्या आहेत) अशा सूचना देता येतात. 'ओ-शून्य'ला तो सहसा काहीच उतरवत नाही, 'ओ-दोन'ला लहान फंक्शने उतरवतो, 'ओ-तीन'ला हात सैल सोडतो. सीच्या १९९९ च्या प्रमाणकात आलेला 'इनलाइन' हा शब्द मात्र विनंती आहे, हुकूम नव्हे. हुकमासाठी फंक्शनला 'ऑलवेज-इनलाइन' हा गुणधर्म जोडावा लागतो, मनाईसाठी 'नोइनलाइन'.

वर्गात करून पाहा. मोठ्या 'एस'ची सूचना दिली की कंपायलर यंत्राच्या आज्ञा वाचता येतील अशा लिहून देतो. एकदा ओ-शून्यने, एकदा ओ-दोनने त्या काढा आणि 'कॉल' किती वेळा आला ते मोजा. एखादा विद्यार्थी म्हणेल, "सर, माझे फंक्शन डीबगरला सापडतच नाही!" त्याला रागावू नका, ते आता वेगळे उरलेले नसेल. चूक शोधताना ओ-शून्य बरे.

मग ओ-एस आणि ओ-तीनच्या फाइलींचे आकार व वेळ शेजारी शेजारी लिहायला सांगा. मोठी फाइल दर वेळी वेगवान निघेलच असे नाही. प्रोसेसरजवळच्या छोट्या स्मृतीत ती मावली नाही तर मंदही पडते.