जमीनदप्तर व घराण्याचा शोध

जमिनीच्या सनदा, खरेदीखते, गहाणखते, पट्ट्यांची पत्रके आणि वारसाचौकशीचे कागद यांच्या आधारे एखाद्या घराण्याची वंशपरंपरा व स्थलांतरे निश्चित करण्याची पद्धती. महाराष्ट्रात विसाव्या शतकात अनेक घराण्यांचे कुलवृत्तांत प्रसिद्ध झाले. त्यांतील बराच भाग कुळोपाध्यायांच्या वह्या, क्षेत्रोपाध्यायांची बाडे व घरातील वृद्धांच्या आठवणी यांवर उभारलेला असतो. जमीनदप्तराचा पुरावा वेगळ्या जातीचा आहे. तो कुळाचा अभिमान जपण्यासाठी निर्माण झालेला नाही. सारा कोणाकडून वसूल करावयाचा, एवढ्याच प्रश्नाचे उत्तर म्हणून तो लिहिला गेला. त्याची विश्वसनीयता यातून येते आणि त्याची उणीवही यातूनच येते. सरकारला घराणे नको होते, साऱ्याबद्दल जबाबदार असा एक मनुष्य हवा होता.

जालना जिल्ह्यातील जाफराबाद हे या दृष्टीने अभ्यासण्याजोगे ठिकाण आहे. खेळणा व धामणा या नद्यांच्या संगमावर वसलेले हे तटबंदीचे गाव औरंगजेबाच्या काळातील जहागीरदार जाफरखान याच्या नावाने ओळखले जाऊ लागले. पुढे ते निजामाच्या राज्यात राहिले. १८५३ च्या तहाने वऱ्हाडचा कारभार इंग्रजांच्या हाती गेला, तेव्हा जाफराबादच्या परिसराला लागूनच असलेला आजचा बुलढाणा जिल्ह्याचा मुलूख वेगळ्या अंमलाखाली आला. चिखली, देऊळगाव राजा, सिंदखेड ही गावे इंग्रजी कारभारात आणि जाफराबाद, भोकरदन निजामी कारभारात अशी स्थिती शंभर वर्षे टिकली. शेते, सोयरिकी व वतने मात्र दोन्हीकडे पसरलेली होती. त्यामुळे या भागातील एकाच घराण्याचे कागद दोन राज्यांच्या दप्तरांत, दोन लिप्यांत व दोन कालगणनांत विभागलेले आढळतात. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा व विदर्भ दोन्ही मुंबई राज्यात आले आणि ती सीमा संपली. कागद मात्र जेथे होते तेथेच राहिले. जाफराबाद पूर्वी औरंगाबाद जिल्ह्यात होते; १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा अस्तित्वात आल्यावर ते त्यात समाविष्ट झाले. म्हणून जुन्या कागदाचा शोध जालन्यात न लागल्यास पूर्वीच्या जिल्ह्याच्या ठिकाणीही करावा लागतो.

निजामी दप्तर : पहिल्या सालारजंगाच्या दिवाणगिरीत (१८५३–८३) हैदराबाद संस्थानातील महसुलाची व्यवस्था बदलली. देशमुख-देशपांड्यांकडील वसुलीचे काम काढून त्यांना रुसूम म्हणजे रोख नेमणूक देण्यात आली, जिल्हे आखले गेले आणि मराठवाड्यात मुंबई इलाख्याच्या धर्तीवर मोजणी व बंदोबस्त सुरू झाला. तेव्हापासून गावोगावच्या जमिनींना क्रमांक मिळाले आणि क्रमांकासमोर पट्टेदाराचे नाव आले. त्यापूर्वीचा कागद व्यक्तीचा आणि हक्काचा असतो, त्यानंतरचा कागद मुख्यतः जमिनीच्या तुकड्याचा असतो. शोध घेणाऱ्याने हा फरक प्रथम ध्यानात घ्यावयास हवा. बंदोबस्तानंतरच्या काळात माणसाचा माग हरवला, तरी क्रमांकाचा माग सहसा हरवत नाही.

पट्टेदार हा बहुधा एकत्र कुटुंबातील थोरला कर्ता असे. त्याचे धाकटे भाऊ त्याच जमिनीचे मालक असूनही पट्ट्यावर दिसत नाहीत. हैदराबादच्या जमीन महसूल कायद्यात (१३१७ फसली, म्हणजे १९०७-०८) अशा भागीदारास ‘शिकमीदार’ ही संज्ञा आहे. कुळाप्रमाणे कसणाऱ्यास ‘आसामी शिकमी’ म्हणत. ही दोन नावे सारखी दिसत असली, तरी पहिला मालकीतील वाटेकरी आहे व दुसरा कूळ आहे. त्यांची गल्लत झाली, तर सख्खा भाऊ परक्या घरचा कूळ ठरतो, किंवा कुळालाच वंशवृक्षात जागा मिळते. शिकमीचा रकाना रिकामा आहे एवढ्यावरून कुटुंबात दुसरा पुरुष नव्हता असे अनुमान काढता येत नाही. जोपर्यंत भांडण नव्हते, तोपर्यंत नाव लावण्याची निकड कोणालाच वाटत नसे.

गाव कोणत्या इलाख्यातील होते हेही आधी पाहावे लागते. संस्थानात दिवाणी म्हणजे सरकारी मुलखाबरोबर निजामाच्या खाजगीचा सर्फ-ए-खास, पायगा व जहागिरी असे वेगवेगळे भाग होते आणि त्यांची दप्तरे वेगळी होती. सर्फ-ए-खास व जहागिरी १९४९ मध्ये सरकारी मुलखात विलीन झाल्या. त्यानंतरच्या कागदांपैकी १९५४-५५ चे खासरा पाहणी पत्रक मराठवाड्यात फार महत्त्वाचे मानले जाते. कारण सर्व इलाख्यांतील गावांसाठी पट्टेदार, कब्जेदार व हक्काचा प्रकार यांची नोंद त्यात एकत्र सापडते. मागे जाण्यासाठी हा सर्वांत सोयीचा उंबरठा आहे.

मुंतखब : इनामजमिनींच्या बाबतीत पट्ट्यापेक्षा मोलाचा कागद म्हणजे मुंतखब. इनामाची चौकशी पूर्ण झाल्यावर अतियात खात्याकडून तो दिला जाई. मूळ सनद कोणाची, इनाम बिनशर्त मददमाश आहे की मशीद, देऊळ किंवा गावकामाच्या सेवेसाठी आहे, सध्याचा धारक कोण व हिस्सेदार कोण, हे त्यात नमूद असते. धारक मरण पावल्यावर विरासतीची चौकशी पुन्हा होई. वारसदार अर्ज करीत, वंशावळ दाखल होई, इतरांच्या हरकती घेतल्या जात आणि साक्षी नोंदविल्या जात. या हरकतींतच घराण्याचा खरा विस्तार उघड होतो. ज्या चुलत्याला वंशावळीतून वगळले, तो स्वतःच पुढे येऊन आपले नाते सांगतो. बिनहरकत मंजूर झालेल्या विरासतीपेक्षा लढविली गेलेली विरासत अभ्यासकाला अधिक उपयोगी पडते. ही चौकशी पुढे १९५२ च्या हैदराबाद अतियात चौकशी कायद्याखाली चालू राहिली आणि १९५४ च्या इनाम निर्मूलन कायद्याने तिचे स्वरूप पालटले.

वऱ्हाडचे दप्तर : सीमेपलीकडे इंग्रजी अमलात जमिनीची मोजणी मुंबईच्या रयतवारी पद्धतीने झाली. नोंदणी कायद्यामुळे खरेदी-गहाणाचे दस्त दुय्यम निबंधकाच्या पुस्तकांत उतरू लागले. या दस्तांना दोन सूची असतात : पहिली माणसांच्या नावांची व दुसरी मिळकतीची. घराण्याचा शोध करणाऱ्याने दोन्ही पाहावयाच्या असतात; कारण पहिल्या सूचीत नाव चुकीचे उतरले असले, तरी दुसऱ्या सूचीतील गाव व क्रमांक यांवरून दस्त हाती लागतो. वऱ्हाडात कोतवाल-बुकातील जन्ममृत्यूच्या नोंदींचीही जोड मिळते. त्यांत बापाचे नाव व जात असल्याने जमिनीच्या कागदातील नुसत्या नावाला ओळख प्राप्त होते. मराठवाड्यात असा पूरक पुरावा त्या मानाने विरळ आहे. म्हणून जाफराबादकडील घराण्याची एखादी शाखा वऱ्हाडात असेल, तर शोधाचा आरंभ तिकडून करणे इष्ट.

या भागातील सर्वांत प्रसिद्ध घराणे सिंदखेडच्या जाधवरावांचे. लखूजी जाधवराव हे जिजाबाईंचे वडील. १६२९ मध्ये दौलताबाद येथे निजामशाही दरबारात त्यांचा पुत्रांसह वध झाला. सिंदखेडची देशमुखी या घराण्याकडे होती आणि देऊळगाव राजा येथे त्याची एक प्रमुख शाखा नांदत होती. १८५१ मध्ये देऊळगाव राजा येथे अरब शिपायांची हैदराबादच्या फौजेशी लढाई झाली व तिच्या परिणामी घराण्याची वडिलोपार्जित मिळकत जप्त झाली, असे ए. सी. लायल यांनी संपादित केलेल्या वऱ्हाडच्या गॅझेटियरवरून (१८७०) कळते. त्यानंतर दोनच वर्षांनी तो मुलूख इंग्रजांकडे गेला. अशा घराण्याच्या बाबतीत जप्तीपूर्वीचे हक्क मोगल व निजामी कागदांत, नंतरची पाटिलकी व शेतजमीन वऱ्हाडच्या बंदोबस्तात, असा पुरावा मधोमध तुटतो. मोठ्या घराण्याच्या कथा गॅझेटियरमधून सहज मिळतात, पण त्या घराण्यातील धाकट्या पातीचे काय झाले हे केवळ गावच्या दप्तरावरूनच समजते. येथे एक इशारा देणे आवश्यक आहे. जाधव हे आडनाव या टापूत अनेक कुळांचे आहे. आडनाव व जवळीक यांवरून नाते जोडण्याचा मोह टाळला पाहिजे. जमिनीचा समान क्रमांक किंवा वतनातील समान तक्षीम दाखविता आली, तरच नाते मानावे.

कागदांचे वाचन : मोडी कागदांत ‘बिन’ म्हणजे मुलगा व ‘कोम’ म्हणजे पत्नी; फार्सी-उर्दू कागदांत ‘वल्द’ मुलगा, ‘बेवा’ विधवा आणि ‘मुतबन्ना’ दत्तक. या लहान शब्दांवर पिढ्यांचा हिशेब अवलंबून असतो. नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याच्या प्रथेमुळे एकाआड एक पिढीत तीच दोन नावे येतात आणि तीन पिढ्यांचा एकच माणूस होऊन बसतो. पट्टा सत्तर-ऐंशी वर्षे एकाच नावावर चालू दिसला, तर तो दीर्घायुषी मनुष्य नसून आजा-नातू असण्याचाच संभव अधिक. किंवा मृताचे नाव कमी करण्याचे कोणी मनावर घेतलेले नसते.

दस्तातील चतुःसीमा हा दुर्लक्षित पण अत्यंत बोलका भाग आहे. पूर्वेस अमुक, दक्षिणेस तमुक, अशी बांधाला बांध असलेल्या शेजाऱ्यांची नावे तेथे येतात. वाटणीनंतर भावांची शेते एकमेकांना लागून असतात. त्यामुळे वाटणीपत्र हरवले असले, तरी त्रयस्थाला केलेल्या विक्रीच्या चतुःसीमेवरून भाऊबंदांची यादी बनविता येते. वतनाच्या तंट्यातील महजर व करीने हे याहून जुने साधन. महजरावर पाटील, कुळकर्णी व बलुतेदार यांच्या साक्षी आणि नांगरासारख्या निशाण्या असतात. करीन्यात वादी आपल्या घराण्याची हकीकत मूळ पुरुषापासून सांगतो. ती जिंकण्यासाठी सांगितलेली असते, हे विसरून चालत नाही. प्रतिवादीचा करीना उपलब्ध असल्यास तो शेजारी ठेवून वाचावा आणि दोघांनाही मान्य असलेल्या पिढ्याच निश्चित समजाव्यात.

स्त्रिया या दप्तरात क्वचित येतात. हिंदू एकत्र कुटुंबात मुलगे असता मुलीला वाटा नव्हता, म्हणून तिचे नाव लिहिण्याचे कारणही नव्हते. विधवेचे नाव मात्र येते आणि ते जेथे येते तेथे थांबून पाहावे. महाराष्ट्रातील संप्रदायानुसार विधवेला पतीची अनुज्ञा नसतानाही दत्तक घेता येई. पट्टा विधवेच्या नावावर जाऊन काही वर्षांनी एखाद्या नव्या पुरुषाच्या नावावर आला, तर बहुधा दत्तविधान झालेले असते. जन्मदात्या घराचा शोध मग वेगळा घ्यावा लागतो. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानंतर मुलींची नावे वारसनोंदींत येऊ लागली, पण हक्कसोडपत्रांनी ती लगोलग कमीही होऊ लागली. मुलीला जन्मतः सहदायादाचा हक्क देणारी दुरुस्ती २००५ ची आहे.

लिपी व सन : गावपातळीवरील जुने मराठी कागद मोडीत आहेत. संस्थानात १८८० च्या दशकात फार्सीची जागा राजभाषा म्हणून उर्दूने घेतली. त्यामुळे वरिष्ठ कचेरीतील कागद त्याआधी फार्सीत व नंतर उर्दूत असतात. तेच मराठी नाव उर्दू लिपीतून परत नागरीत उतरविताना ऱ्हस्वदीर्घ हरवतात, कधी नुकते गाळल्याने अक्षरच बदलते. हैदराबादच्या फसली सनात ५९० मिळविले असता आझूर म्हणजे ऑक्टोबरच्या आरंभापासून डिसेंबरपर्यंतचा आणि ५९१ मिळविले असता त्यापुढील महिन्यांचा इसवी सन येतो. मराठी कागदांतील शुहूर सनात सुमारे ५९९ मिळवावे लागतात. दोन्ही सनांची गल्लत केल्यास नऊ वर्षांचा फरक पडतो. बापाच्या मृत्यूनंतर मुलाचा जन्म होण्यास तेवढा पुरतो.

जमिनीचे क्रमांकही स्थिर राहिलेले नाहीत. एकत्रीकरण योजनेत जुने सर्व्हे क्रमांक जाऊन गट क्रमांक आले. आजच्या सातबाऱ्यावरून मागे जाताना प्रथम एकत्रीकरणाचा जबाब काढून गटाचा मूळ क्रमांक ओळखावा, मग फेरफार व वारस नोंदवही (गाव नमुना सहा-क), मग खासरा पत्रक व बंदोबस्ताचे शेतवार पत्रक, असा क्रम योग्य. फेरफाराने मालकी निर्माण होत नाही. ती नोंद महसुलाच्या सोयीची आहे, असे न्यायालयांनी वारंवार सांगितले आहे. वंशावळीच्या पुराव्यासही हेच लागू आहे. तलाठ्यापुढील जबाबात सर्व वारस आलेच असतील असे नाही.

भूमिहीनांचा माग या दप्तरात जवळजवळ लागत नाही. गावकामाबद्दल जमीन असलेले महार, गुरव, मुल्ला, जोशी यांची नावे इनामाच्या कागदांत टिकली. सालदार व मजूर कुटुंबांची टिकली नाहीत. आसामी शिकमी व १९५० च्या कूळकायद्याखालील संरक्षित कुळांची पत्रके ही त्यांतील काहींच्या दृष्टीने पहिली लेखी नोंद ठरते.

अलीकडे या दप्तरांना नवे महत्त्व आले आहे. मराठवाड्यातील मराठा-कुणबी नोंदींच्या शोधासाठी सप्टेंबर २०२३ मध्ये राज्य शासनाने न्या. संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि निजामकालीन महसुली व इतर कागदांची तपासणी सुरू झाली. २ सप्टेंबर २०२५ रोजी हैदराबाद गॅझेटियरसंबंधीचा शासननिर्णय निघाला. गॅझेटियर व जनगणना यांत जातवार संख्या असतात, कुटुंबांची नावे नसतात. त्यामुळे आजचा अर्जदार आणि जुन्या नोंदीतील व्यक्ती यांमधील पिढ्यांचा दुवा पट्टा, खासरा, विरासत व फेरफार यांवरूनच सांधावा लागतो. मोडी व उर्दू दोन्ही जाणणारे वाचक थोडे आहेत. तालुका कचेऱ्यांतील बस्ते, पुराभिलेख संचालनालयाची छत्रपती संभाजीनगर येथील शाखा आणि हैदराबाद येथील तेलंगणा राज्य अभिलेखागार ही या कागदांची मुख्य ठिकाणे होत. मोगलकालीन दख्खनचे शाहजहान व औरंगजेब यांच्या राजवटींतील कागद हैदराबादच्या अभिलेखागारात आहेत. १८५३ पूर्वीच्या वऱ्हाडसंबंधीची चौकशीही तेथेच करावी लागते.