भोंग्याचा जिम्मा कोणाचा?

मैंदर्गी हे अक्कलकोट तालुक्यातले, कर्नाटकाच्या शिवेजवळचे नगरपरिषदेचे गाव. घरात कन्नड आणि कचेरीत मराठी, अशी इथली रीत. या टापूतल्या कुठल्याही लहान बाजारपेठेत आज फिरले की सराफाच्या, खत-बियाण्यांच्या दुकानाच्या किंवा पतसंस्थेच्या शटरवर सायरनची पेटी दिसते. पेटीवर ती बसवणाऱ्याचा मोबाइल नंबर रंगवलेला असतो. रात्री शटर हलले की भोंगा वाजतो आणि मालकाच्या फोनवर घंटा जाते.

हा भोंगा बसवायला शासनाचा परवाना लागतो का? आणि भोंगा वाजूनही चोरी झाली, किंवा तो वाजलाच नाही, तर जाब कोणाला विचारायचा? या दोन प्रश्नांचा माग मी गेली काही वर्षे काढतो आहे. मी वकील नाही. मात्र कायद्याबद्दल ऐकण्यापेक्षा तो मुळातून वाचावा, या मताचा आहे. वाचनातून जे हाती लागले ते थोडक्यात असे : आपल्याकडे काठी घेऊन उभ्या राहणाऱ्या माणसाच्या संस्थेला परवाना लागतो, आगीची घंटा बसवणाऱ्यालाही लागतो, चोराची घंटा बसवणाऱ्याला मात्र लागत नाही. असे का झाले, हे पाहण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

जागल्याचा जिम्मा

पेशवाई बुडाल्यावर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने १८१९ साली जिंकलेल्या मुलखाचा अहवाल लिहिला. त्यात गावच्या पहाऱ्याचे वर्णन आहे. गावात चोरी झाली की चोराचा माग काढणे हे जागल्याचे काम. माग शिवेपर्यंत नेऊन पुढच्या गावाच्या जागल्याच्या हवाली केला की पहिले गाव मोकळे. पुढचा जिम्मा दुसऱ्या गावाचा. माग जिथे विरेल, त्या गावाने चोरीच्या मालाची भरपाई द्यायची. म्हणजे राखण आणि जबाबदारी या दोन गोष्टी एकाच गाठीत बांधलेल्या होत्या.

या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचे कारण नाही. पहारा देणारा माणूस जन्माने ठरत होता. महार, रामोशी, बेरड यांच्यावर ते काम वतन म्हणून लादलेले होते, आणि मोबदला तुटपुंजा होता. १८७४ च्या वतन कायद्याने ती चौकट इंग्रजी अमलातही टिकवली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्या कायद्यात दुरुस्ती करण्यासाठी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडले, ते याच वेठीविरुद्ध. कनिष्ठ गाव-वतने नष्ट करणारा मुंबई राज्याचा कायदा १९५८ चा. दरम्यान गुन्हेगार जमाती कायद्याने कित्येक जमातींना जन्मतःच चोर ठरवले होते. सोलापुरात तारेच्या कुंपणातली 'सेटलमेंट' होती, आणि तो कायदा १९५२ साली रद्द झाला.

जागल्याचे वतन गेले, हे चांगलेच झाले. पण त्याबरोबर 'माग विरला तर भरपाई कोणाची' हा प्रश्नही कागदावरून पुसला गेला. पुढचे कायदे राखणदार कोण असावा हे सांगतात. राखण फसली तर काय, याबद्दल ते फारसे बोलत नाहीत.

'पसारा'

महाराष्ट्राने १९८१ साली खाजगी सुरक्षा रक्षकांसाठी कायदा केला. तो माथाडी कायद्याच्या वळणाचा आहे : रक्षकांची मंडळाकडे नोंदणी, वेतन, रजा, भविष्य निर्वाह निधी. त्याचा रोख रक्षकाला कामगार म्हणून संरक्षण देण्यावर आहे.

संस्थांना परवान्याच्या कक्षेत आणले ते केंद्राच्या २००५ च्या कायद्याने, म्हणजे खाजगी सुरक्षा संस्था (नियमन) अधिनियमाने. त्याच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे जुळवून धंद्यातले लोक त्याला 'पसारा' म्हणतात, आणि कागदपत्रे गोळा करताना ते नाव सार्थ वाटते.

परवाना राज्य देते. त्यासाठी गृहखात्यात सहसचिवाहून कमी दर्जा नसलेला नियंत्रक अधिकारी नेमायचा असतो. कायद्यातली फी एका जिल्ह्यासाठी ५,००० रुपये, पाच जिल्ह्यांपर्यंत १०,००० आणि संपूर्ण राज्यासाठी २५,००० रुपये. परवाना पाच वर्षांचा. मुदत संपण्याच्या किमान ४५ दिवस आधी नूतनीकरणाचा अर्ज करायचा. विनापरवाना धंदा केल्यास एक वर्षापर्यंत कैद, २५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

सीमेवरच्या गावाला यातली मेख लगेच कळते. फक्त सोलापूर जिल्ह्याचा परवाना असलेल्या संस्थेला शेजारच्या उमरग्यात रक्षक उभा करता येत नाही, कारण तो धाराशिव जिल्हा. आळंद किंवा अफझलपुरात तर राज्यच बदलते. तिथे कर्नाटकाचा परवाना हवा. जागल्याप्रमाणे परवान्यालाही शीव आहे.

अर्जदाराची चारित्र्य पडताळणी होते. कंपनीच्या कारभारातल्या फसवणुकीबद्दल किंवा दोन वर्षांहून कमी नसलेल्या कैदेची तरतूद असलेल्या गुन्ह्याबद्दल दोषी ठरलेला, बंदी घातलेल्या संघटनेशी संबंध ठेवणारा, गैरवर्तनावरून सरकारी नोकरीतून बडतर्फ झालेला माणूस अपात्र. इथे एक मोठा पालट झाला, तो नोंदवला पाहिजे. कायदा आता माणसाने काय केले ते विचारतो, तो कोणाच्या पोटी जन्मला ते नाही.

आता भोंग्याकडे येऊ. कायद्याच्या व्याख्येत 'खाजगी सुरक्षा' म्हणजे लोकसेवक नसलेल्या व्यक्तीने दुसऱ्याच्या जिवाचे वा मालमत्तेचे रक्षण करण्यासाठी पुरवलेली सुरक्षा. नोटा वाहून नेणाऱ्या चिलखती गाडीचा त्यात नावानिशी समावेश आहे. अलार्मचा नाही. कायद्याच्या भाषेत 'व्यक्ती'त कंपनीही येते. त्यामुळे घंटा वाजताच आपला रक्षक पाठवणारी कंपनी या कक्षेत येईल, असे म्हणता येते. पण जो पेटी विकतो, भिंतीला छिद्रे पाडून वायर ओढतो आणि निघून जातो, तो सरळ वाचनात बाहेरच राहतो. मधली जात आणखी अडचणीची : दूरच्या शहरात पडद्यासमोर बसून शंभर दुकानांवर नजर ठेवणारे, पण माणूस न पाठवणारे. त्यांच्याबाबत दोन वकील दोन अर्थ सांगतील.

अलार्म हा शब्द मला सापडला तो २००६ च्या केंद्रीय नमुना नियमांत. रक्षकाच्या प्रशिक्षणाचे १०० तास वर्गातले आणि ६० तास मैदानावरचे. विषयांच्या यादीत गणवेश, अग्निशमन, प्रथमोपचार, एफआयआर नोंदवण्याची रीत, आणि शेवटाकडे सुरक्षा उपकरणे, उदाहरणार्थ अलार्म. म्हणजे कायद्याच्या लेखी भोंगा हे रक्षकाच्या हातातले अवजार. रक्षकाशिवाय भोंगा एकटाच राखण करेल, हे नियम लिहिणाऱ्यांनी धरलेलेच नाही. २०१८ च्या रोकड वाहतुकीच्या नियमांत गाडीला ऑटो-डायलरचा अलार्म आणि सायरन सक्तीचा झाला, पण तिथेही गाडीत सशस्त्र रक्षक आहेतच.

आगीची घंटा

याच राज्यात दुसऱ्या घंटेला मात्र पूर्ण परवाना आहे. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम २००६ चा. त्याच्या अनुसूचीतल्या इमारतींमध्ये आगीची यंत्रणा बसवण्याचे आणि राखण्याचे काम अग्निशमन सेवा संचालकांचा परवाना असलेल्या संस्थेनेच करायचे. बसवल्याचे प्रमाणपत्र तिने द्यायचे. शिवाय दर वर्षी जानेवारीत आणि जुलैत यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे तिचे प्रमाणपत्र मालकाने सादर करायचे.

हे कागदावरचे नियम किती जिव्हाळ्याचे आहेत, ते सोलापूरकरांना सांगावे लागत नाही. १८ मे २०२५ च्या पहाटे अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्याला आग लागली आणि आठ जीव गेले. त्या घटनेचा निवाडा करणे हा या लेखाचा विषय नाही. पण झोपलेल्या माणसाला जागे करणारी वस्तू कोणी बसवली आणि शेवटची कधी तपासली, या प्रश्नाचे मोल त्या पहाटेने दाखवले.

आगीच्या कायद्यातली दोन तत्त्वे माझ्या मते महत्त्वाची : बसवणाऱ्याचे नाव कागदावर येते, आणि सहा महिन्यांनी कोणीतरी घंटा वाजवून पाहिल्याची सही लागते. चोराच्या भोंग्याला यातले काहीच नाही. कॅमेऱ्यांना कारखान्याच्या दाराशी नियम लागले आहेत. एप्रिल २०२५ पासून सीसीटीव्हीला सुरक्षा-चाचणीसह सक्तीची नोंदणी आहे. पण हा नियम वस्तूचा झाला, ती भिंतीवर नीट बसवणाऱ्याचा नव्हे.

पाटीवरचे नाव

परवाना नसला तरी धंद्याला रूप असतेच, आणि नुकसान झाल्यावर ते रूपच कामी येते. तालुक्याच्या गावी अलार्म बसवणारा बहुधा एकटा प्रोप्रायटर असतो. कामगार थोडे असतील तर २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याखाली फक्त माहिती कळवणे पुरते. त्याच्या देण्याला मर्यादा नसते; धंद्याचे देणे हे त्याचे स्वतःचे देणे. भागीदारी पेढीत प्रत्येक भागीदार साऱ्या देण्याला बांधील. पेढी नोंदलेली नसेल तर तिला ग्राहकाविरुद्ध करारावरून दावा लावता येत नाही. ग्राहकाला मात्र तिच्याविरुद्ध लावता येतो. एलएलपी किंवा प्रायव्हेट लिमिटेड असेल तर जबाबदारी सामान्यतः संस्थेच्या मालमत्तेपुरती. म्हणून पाटीवर 'लिमिटेड' दिसले की मोठेपणा मानण्याआधी त्या शब्दाचा अर्थ आठवावा.

सुरक्षा संस्थेच्या बाबतीत मालकीलाही अट आहे. संस्था भारतात नोंदलेली हवी आणि मालक, बहुसंख्य भागधारक, भागीदार वा संचालक भारतीय नागरिक हवा. २०१६ मध्ये परकीय गुंतवणुकीची मर्यादा सरकारी मंजुरीने ७४ टक्क्यांपर्यंत वाढली, तेव्हा हे कलम आणि ते धोरण यांची सांगड कशी घालायची हा प्रश्न उभा राहिला.

जीएसटीने तर माणूस आणि यंत्र यांतला भेद रुपयांत मांडला. १ जानेवारी २०१९ पासून प्रोप्रायटर वा भागीदारी पेढीने नोंदणीकृत व्यापाऱ्याला रक्षक पुरवले, तर कर भरायचा तो व्यापाऱ्याने. कंपनीने पुरवले तर कंपनीने. भोंगा विकला तर हा उलटा नियम लागूच नाही. एकाच बिलात रक्षक आणि भोंगा दोन्ही असतील, तर आधी हिशेबनिसाला विचारावे हे बरे.

इतरत्र

अमेरिकेत अलार्म कंपन्यांचा परवाना हा राज्यांचा विषय आहे आणि राज्यागणिक तऱ्हा वेगळी. कॅलिफोर्नियात अलार्म कंपन्यांसाठी स्वतंत्र कायदा असून कंपनीत परीक्षा उत्तीर्ण झालेला जबाबदार व्यवस्थापक लागतो. टेक्सासमध्ये खाजगी सुरक्षेच्या कायद्यातच अलार्मचा धंदा येतो. अनेक शहरे खोट्या घंटेबद्दल दंडही आकारतात, कारण पोलीस पुन्हा पुन्हा फुकट धावले तर खऱ्या घंटेलाही कोणी धावत नाही. हे आपल्या गल्लीतही खरे आहे. मांजर गेले तरी वाजणारा सायरन चौथ्या रात्री शेजाऱ्याला उठवत नाही.

तोवर आपण

नवा मोठा कायदाच हवा असे माझे म्हणणे नाही. आणखी एक परवाना म्हणजे लहान कारागिराला आणखी एक हेलपाटा, हेही मला दिसते. आगीच्या कायद्यातली दोन कलमे उसनी घेतली तरी पुरे : बसवणाऱ्याची जिल्ह्यात साधी नोंद, आणि सहामाही चाचणीची सही.

तोवर ग्राहकाने स्वतःच लिहून घ्यावे. घंटा वाजली की फोन कोणाकोणाला जाणार? प्रत्यक्ष कोण येणार, की कोणीच नाही? रक्षक पाठवणार असतील तर परवाना कुठल्या जिल्ह्याचा? तो दर्शनी लावण्याची सक्ती आहे, तेव्हा पाहायला मागण्यात संकोच नको. बॅटरी कोण बदलणार, आणि वीज गेल्यावर यंत्र किती तास चालणार? २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष वस्तू आणि सदोष बसवणी या दोन्हींबद्दल भरपाईची तरतूद आहे. व्यापारी कारणासाठी घेतलेल्या वस्तूला तो लागू नाही, पण स्वतः राबून पोट भरणाऱ्या दुकानदाराला त्यातून सूट आहे. मात्र बिल हवे, आणि बिलावर बसवणाऱ्याचे नाव हवे. आपल्याकडे पेटीवर नुसता मोबाइल नंबर असतो, आणि नंबर बदलता येतो.