भाकरीवरचे पाणी आणि पावावरची चकाकी

अमरावतीहून परतवाड्याकडे जाताना वलगाव लागते. हा सारा वऱ्हाड ज्वारीचा मुलूख. येथे घरोघरी भाकर होते आणि ती होताना रोज एक छोटीशी क्रिया घडते. थापलेली भाकर तव्यावर टाकली, की लगेच ओल्या हाताने तिच्यावर पाणी फिरवतात. बेकरीतही अनेकदा पावाचे गोळे भट्टीत जाण्यापूर्वी त्यांच्यावर कुंचल्याने पाणी, दूध किंवा फेटलेले अंडे लावतात. पोळी तव्यावरून उतरली, की तिच्यावर तूप फिरते. रोडगे विस्तवातून निघाले, की राख झटकून ते तुपात बुडवतात.

या साऱ्या क्रिया वरवर सारख्याच दिसतात. तयार होणाऱ्या पदार्थाच्या पृष्ठभागावर काहीतरी पातळ फासायचे, एवढेच. पण जरा बारकाईने पाहा. पाणी, दूध आणि अंडे भाजण्यापूर्वी लावतात; तूप, लोणी आणि साखरेचा पाक भाजल्यानंतर. हा क्रम असाच का? प्रथम भाकरीपासून सुरुवात करू.

पाणी कशासाठी?

गव्हाच्या कणकेत पाणी घालून मळले, की तिच्यातील प्रथिनांपासून ग्लुटेन नावाचे चिवट जाळे तयार होते. त्यामुळे पोळी लाटली तरी फाटत नाही. ज्वारीत असे जाळे तयार होत नाही. म्हणून भाकरीला एकसंध ठेवण्याचे काम मुख्यतः पिठूळ पदार्थाला, म्हणजे स्टार्चला करावे लागते. स्टार्चचे कण पाण्यात तापवले, की सुमारे ७० अंश सेल्सियसच्या आसपास ते पाणी शोषून फुगतात आणि खळीसारखे चिकट होतात. पण त्यासाठी पाणी हवे. ते नसेल, तर कण नुसतेच वाळतात.

भाकर थापताना परातीत कोरडे पीठ घेतलेले असते. तव्यावर टाकताना ही पिठाची बाजू वर येते. तिच्यावर पाणी फिरवले नाही, तर हे पीठ तसेच कोरडे राहते, खालून येणाऱ्या उष्णतेने पृष्ठभाग सुकून आक्रसतो आणि त्याला भेगा पडतात. पाणी फिरवले, की कोरडे पीठ भिजते, भेगा बुजतात आणि पुढे खळीचा अखंड थर तयार होतो.

या पाण्याचे आणखी एक काम आहे. समजा, एका भाकरीवर चहाचा एक चमचा, म्हणजे सुमारे ५ ग्रॅम पाणी लागले. १ ग्रॅम पाण्याची वाफ होण्यास सुमारे ५४० कॅलरी उष्णता लागते. म्हणजे ५ ग्रॅमसाठी २७०० कॅलरी झाल्या. तेवढ्या उष्णतेत २७ ग्रॅम पाणी शून्य अंशापासून १०० अंशांपर्यंत तापले असते! तवा २०० अंशांच्या वर तापलेला असला, तरी वरचा पृष्ठभाग ओला आहे तोवर त्याचे तापमान १०० अंशांपुढे जाऊ शकत नाही. तेवढ्या वेळात खालची बाजू शिजू लागते आणि वरची मऊ राहते.

म्हणूनच भाकर उलटण्याची वेळ नेमकी साधावी लागते. पाणी बरेच असताना उलटली, तर ती तव्याला चिकटते. पाणी पूर्ण सुकल्यावर उलटली, तर भेगा पडलेल्या असतात. पाणी सुकत आले आहे, पण थोडी ओल शिल्लक आहे, असा तो क्षण असतो. तेव्हा उलटली, की ओली बाजू तव्यावर पडून तिचा अखंड थर तयार होतो. पुढे आतल्या पाण्याची वाफ होते. पाण्याची १०० अंशांवर वाफ झाली, की तिचे आकारमान सुमारे १७०० पट होते. बाहेर पडायला भेग नसल्यामुळे ही वाफ वरचा थर उचलते आणि भाकर टम्म फुगते. आपण ज्याला पापुद्रा म्हणतो, तो असा तयार होतो.

चकाकी म्हणजे काय?

आता पावाकडे वळू. पावसाळ्यात डांबरी रस्ता पाहा. कोरडा असताना तो निस्तेज दिसतो. ओला झाला, की दिव्यांचे प्रतिबिंब त्यात दिसू लागते. कोरड्या रस्त्याच्या खडबडीत पृष्ठभागावरून प्रकाश सर्व दिशांना विखुरतो. पाण्याने खाचखळगे भरून पृष्ठभाग सपाट केला, की तोच प्रकाश ठरावीक दिशेने परावर्तित होतो. यालाच आपण चकाकी म्हणतो.

दृश्य प्रकाशाची तरंगलांबी साधारण ०.०००४ ते ०.०००७ मिलिमीटर असते. पृष्ठभागावरील उंचसखलपणा याहून बराच कमी असेल, तर तो आरशासारखा वागतो. पावावरच्या पिठाचे कण याच्या अनेक पट मोठे असतात. म्हणून कोरडा भाजलेला पाव निस्तेज दिसतो. त्यावर पातळ, सलग थर दिला, की तो चमकतो. अशा थराचा अपवर्तनांक काचेसारखा १.५ च्या जवळपास धरला, तर सरळ समोरून पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे ४ टक्केच परावर्तित होतो; तिरप्या प्रकाशात हे प्रमाण बरेच वाढते. चकाकी तपासायची, तर पाव डोळ्यांच्या पातळीवर धरून तिरपा पाहावा तो यासाठीच.

तांबूस रंग कोठून येतो?

चकाकी आणि रंग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भाजल्यावर येणारा तांबूस रंग आणि खमंग वास मुख्यतः एका रासायनिक क्रियेमुळे येतो. प्रथिनांतील अमिनो आम्ले आणि काही शर्करा तापवल्यावर त्यांचा संयोग होऊन तपकिरी पदार्थ बनतात. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई कामीय मेलार्ड यांनी १९१२ साली तिचे वर्णन केले, म्हणून तिला मेलार्ड क्रिया म्हणतात. सुमारे १४० अंशांच्या वर ती झपाट्याने होते. अर्थात, पृष्ठभाग ओला असेतोवर १०० अंशांची मर्यादा असल्याने हा रंग येत नाही. आधी सुकणे, मग रंगणे, असाच क्रम असतो.

आता एकेक पदार्थ तपासू.

नुसते पाणी लावले, की पिठातील स्टार्चचीच खळी बनते. ती सुकून पातळ, किंचित चमकदार आणि कडक कवच येते. भट्टीत वाफ सोडण्याचा परिणामही हाच.

गाईच्या दुधात सुमारे ३ टक्के प्रथिने आणि ५ टक्क्यांच्या आसपास दुग्धशर्करा असते. मेलार्ड क्रियेचा दोन्ही प्रकारचा कच्चा माल तेथे तयार आहे. म्हणून दूध लावलेल्या पावाला चकाकी बेताची, पण रंग चांगला येतो.

अंड्याच्या पांढऱ्या बलकात सुमारे १० टक्के प्रथिने असतात. बाकी बहुतेक पाणीच. ६० अंशांच्या थोडे वर तापल्यावर ही प्रथिने गोठू लागतात आणि पृष्ठभागावर घट्ट, गुळगुळीत थर बसतो. म्हणून सर्वाधिक चकाकी अंड्याची. पिवळा बलक मिसळला, तर रंगही गडद येतो. चमचाभर पाणी किंवा दूध घालून फेटले, की थर सारखा बसतो.

तुपात पाणी आणि प्रथिने जवळजवळ नसतात. त्यामुळे ते गोठून थर धरत नाही, की स्वतः तांबूस होत नाही. ते केवळ पृष्ठभागावरच्या सूक्ष्म खळग्यांत भरते आणि चमक आणते. शिवाय आतून येणारी ओल अडवून पापुद्रा मऊ ठेवते. या कामांना भट्टीची गरज नाही, म्हणून तूप शेवटी.

साखरेचा पाकही शेवटी. गरम पावावर तो लावला, की त्यातील पाणी उडून काचेसारखा थर राहतो. आधी लावला, तर भट्टीच्या उष्णतेने साखर जळून पाव करपण्याची भीती असते.

आता सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट झाले. ज्या पदार्थात शिजून, गोठून किंवा रंगून बदल व्हायला हवा, तो भाजण्यापूर्वी. ज्याने आहे तसेच राहून काम करायचे, तो भाजल्यानंतर. काय लावले याइतकेच केव्हा लावले यालाही महत्त्व आहे.

करून पाहा

पहिला प्रयोग भाकरीचा. घरातील मोठ्या माणसांच्या मदतीने एक भाकर तव्यावर टाका आणि तिच्या अर्ध्याच भागावर पाणी फिरवा. उलटल्यावर दोन्ही अर्ध्या भागांत भेगा, पांढरे पीठ आणि फुगणे यांत काय फरक दिसतो, ते वहीत लिहा. स्वयंपाकघरात लहान वजनकाटा असेल, तर दुसरी एक भाकर भाजण्यापूर्वी व भाजल्यानंतर तोला. तव्यावर टाकल्यावर फिरवलेले पाणीही हिशेबात घ्या. वजनातील फरक म्हणजे उडालेले पाणी. त्याला ५४० ने गुणा, की वाफेसाठी किती कॅलरी खर्च झाल्या, ते कळेल.

दुसरा प्रयोग शाळेत, ओव्हन उपलब्ध असेल तर, शिक्षकांबरोबर करता येईल. एकाच कणकेचे सारख्या वजनाचे चार छोटे पाव घ्या. एक कोरडा ठेवा. उरलेल्यांना अनुक्रमे पाणी, दूध आणि अंडे लावा. अंडे चालत नसेल, तर दुधात चिमूटभर साखर घालून लावा. चारही एकाच वेळी, एकाच थाळीत भाजा. नाहीतर फरक लावलेल्या पदार्थामुळे पडला, की भट्टीमुळे, हे कळणार नाही. मग खोलीत अंधार करून बॅटरीचा प्रकाश तिरपा टाका आणि चकाकी व रंग यांना वेगवेगळे गुण द्या. दोन्हींत एकच पाव पहिला येतो का, ते पाहा. कच्च्या अंड्याचे उरलेले मिश्रण मात्र साठवू नका आणि हात साबणाने धुवा.

शेवटी, भाकर करणाऱ्या घरातल्या व्यक्तीला विचारा, उलटण्याची वेळ ती कशावरून ओळखते. तिचे उत्तर आणि घड्याळ लावून तुम्ही मोजलेले सेकंद शेजारी शेजारी लिहा. आठ-दहा भाकरी मोजल्या, की तिचा अंदाज किती नेमका असतो, ते तुम्हाला आकड्यांत दिसेल.